वाटीतला कोंडा

१

सांगा बरं, भरवसा कोणावर ठेवायचा? माणसावर, की आपल्या डोळ्यावर? घाई नाही. चहा सांगितलाय, येईल. तोवर विचार करा.

धानोऱ्याच्या श्रावण निकुरेला हे विचारलं असतं तर त्यानं पानाचा तोबरा सावरत सांगितलं असतं, "डोळ्यावर. माणूस गोड बोलते, माल बोलत नाई." श्रावणचं दुकान मोहफूल, चारोळी, हिरडा आणि डिंकाचं. पुढं दुकान, मागं घर. शाळा चौथीतच सुटली, पण मोहफूल मुठीत दाबलं की त्यातली ओल त्याला कळायची. एकदा एक परका व्यापारी पोत्याच्या तळाशी रेती भरून आला. श्रावणनं पोतं उघडलंसुद्धा नाही. बाहेरून एक थाप मारली आणि म्हणाला, "भाऊ, वरचा माल झाडाचा, खालचा नदीचा. दोन्हीले एक भाव कसा देऊ?" तो व्यापारी स्वतःच हसत सुटला आणि पोतं उचलून चालता झाला.

असा हा माणूस. आणि त्याच्या काट्यावर पत्रू. दोघांची मिशी फुटली तेव्हापासून पत्रू तिथंच. वजन पडून त्याच्या उजव्या अंगठ्याचं नख कायमचं काळं झालेलं. माल चढवायच्या आधी तो काट्याच्या पाटीवर बोटाच्या पेरानं दोनदा वाजवायचा, टक् टक्, जसं आपण कोणाचं दार वाजवावं. जुना काटा जाऊन आकडे पेटणारा काटा आला, तरी पत्रूचं टक् टक् सुटलं नाही. ते वाजलं की गादीवरून श्रावण म्हणायचा, "खरं सांगशील बे."

"खरंच सांगतो जी," पत्रू म्हणायचा.

दिवसातून कितीदा तरी. ऐकणाऱ्याला वाटावं, या दोघांना दुसरं बोलणंच येत नाही.

२

मधल्या खोलीत, परसाकडच्या खिडकीला एक पिंजरा टांगलेला होता. त्यात दोन लव्हबर्ड. पुस्तकात त्यांचं नाव बजरी, पण आपल्याकडे सगळे लव्हबर्डच म्हणतात. निळा तो निळ्या, पिवळी ती हळदी. ही जोडी श्रावणच्या मुलीची, रिनाची. ती नर्सिंग शिकायला नागपूरला गेली तेव्हा बसमध्ये चढता चढता आईवडिलांना सांगून गेली, "बाबा, स्वतःले सांभाळा नका सांभाळू, माह्या जोडीले सांभाळा."

श्रावणनं ते मनावर घेतलं. रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी दोन्ही वाट्या काढायच्या आणि त्यावर फुंकर मारायची. हे पाखरू राळं सोलून खातं आणि साल वाटीतच टाकतं. वरून पाहिलं तर वाटी भरलेली दिसते, आत नुसता कोंडा. न फुंकता ठेवली तर भरल्या वाटीपुढं पाखरू उपाशी मरतं. श्रावण मीराबाईला, म्हणजे बायकोला, सांगायचा, "ही वाटी अन् काही काही माणसं, दोघांवर फुंकर मारल्याबिगर समजत नाई."

निळ्या आवाज उचलण्यात पटाईत होता. मीराबाईच्या कुकरची शिट्टी, रिनाचा फोन, आणि सगळ्यात आवडता म्हणजे पत्रूचा टक् टक्. दांडीवर चोच आपटून असा हुबेहूब काढायचा की श्रावण आतून ओरडायचा, "खरं सांगशील बे!" आणि बाहेर रिकाम्या काट्यापाशी पत्रू पोट धरून हसायचा. तसं पत्रू निळ्याचं एक देणं लागत होता. एकदा पिंजरा साफ करताना दार त्याच्या हातून सटकलं आणि निळ्याच्या डाव्या पायाची एक नखी तुटली. एवढा मोठा हमाल माणूस, लहान लेकरासारखा रडला होता.

थंडी सरता सरता एका सकाळी निळ्या पिंजऱ्याच्या तळाशी पडलेला दिसला. वाटी भरलेली होती, खऱ्या दाण्यांनी. श्रावणनं आधी तेच तपासलं.

मीराबाईनं जुन्या लुगड्याचा तुकडा दिला, चहाचा रिकामा डबा दिला. श्रावणला हात लावणं झालं नाही. पत्रूनं डबा उचलला, नाल्याकाठच्या मोहाखाली पुरला, वर गोटा ठेवला आणि येऊन काट्यावर उभा राहिला.

त्या दिवसापासून हळदी गप्प झाली. वाटीत तोंड घालायची, पण कोंडा जेमतेम पडायचा.

"हेही जाईन जी," मीराबाई म्हणाली. "रिनाले काय सांगू? तिच्यासाठी जोड आणा."

३

वडशाला श्रावणचं तांदळाचं काम निघालंच होतं. नाटकांचा हंगाम संपत आलेला, भिंतीवरची पोस्टरं अर्धी फाटलेली. स्टेशनाकडून येताना रस्त्याच्या कडेला एक सायकल उभी दिसली. मागच्या कॅरिअरवर कापडानं झाकलेले दोन पिंजरे, शेजारी उकिडवा बसलेला एक माणूस.

"लव्हबर्ड हाये का?"

"एकटी राहिली का?" त्या माणसानं विचारलं.

आता इथं श्रावणनं थांबायला पाहिजे होतं. राहिलेली मादी आहे, हे त्याला कोणी सांगितलं? पण गिऱ्हाइकाचं तोंड वाचणारे दुकानदार श्रावणनं पुष्कळ पाहिले होते. तो स्वतःच त्यातला होता.

"गेलेला कसा होता भाऊ?"

"निळा. तोंड पांढरं."

"तसाच पाहिजे?"

"तसाच."

त्या माणसानं कापड उचललंच नाही. नजर रस्त्याकडे ठेवून हात आत घातला. अंधाऱ्या कोठीत रोजच्या जागेवरचा मिठाचा डबा काढावा तसा एक पक्षी काढला आणि भोकं पाडलेल्या खोक्यात सोडला. श्रावणनं घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदा असेल. निघावंसं वाटत होतं, इतकंच त्याला नंतर आठवलं.

बस धानोऱ्याच्या जंगलात शिरली तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्या दोन पिंजऱ्यांतून एकदाही चिवचिव आली नव्हती.

४

"अगो माय!" मीराबाई खोक्यात डोकावून म्हणाली. "हा तर निळ्याच!"

"निळे सगळे सारखेच. एका साच्यातल्या बाटल्या असतात तसे."

नव्याला पिंजऱ्यात सोडलं. तो सरळ निळ्याच्या जागेवर, झोपाळ्याच्या डाव्या बाजूला जाऊन बसला. हळदी आनंदानं कलकलाट करील असं दोघांना वाटलं होतं. ती दांडीवरून एकेक पाऊल मागं सरकली, पार टोकाला गेली आणि तारांना पाठ चिकटवून उभी राहिली.

"लाजते," मीराबाई म्हणाली.

श्रावणनं हळदीकडे निरखून पाहिलं. लाजणारं पाखरू आणि दचकलेलं पाखरू, दोन्ही त्यानं पाहिलं होतं.

मग रंगाची शंका आली. बाजारात साध्या चिमण्या रंगवून विकणारे असतात, हे त्याला ठाऊक होतं. दुपारी ओल्या फडक्यानं त्यानं नव्याचे पंख पुसले. फडकं स्वच्छ राहिलं. पाखरू हातात जराही धडपडलं नाही, चावलं नाही. श्रावणनं त्याला उलटं धरून पाय पाहिले.

डाव्या पायाची एक नखी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाट्या काढल्या. हळदीच्या वाटीत चिमूटभर कोंडा. नव्याची वाटी श्रावणनं आदल्या संध्याकाळी भरून वरून अंगठ्यानं सपाट केली होती, माप सपाट करतात तशी. अंगठ्याची ओळ तशीच होती. एक दाणा हललेला नाही. तळाचा कागद पाहिला. घाण फक्त हळदीच्या बाजूला.

"नवीन हाये, खाईन," मीराबाई म्हणाली.

तिसऱ्या सकाळीही ओळ तशीच. पाखरू मात्र ताजं, तुकतुकीत, आणि श्रावण जिकडं जाईल तिकडं मान वळवणारं. त्याच दुपारी गादीवर बसला असता आतून आवाज आला.

टक् टक्.

पत्रू बाहेर गाडीवरून पोती उतरवत होता. काट्यापाशी कोणी नव्हतं.

५

हिशेबी माणसाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर लागतं, आणि श्रावणला ते लवकर सापडलं. तेच पाखरू, तीच नखी, तोच आवाज. म्हणजे निळ्या मेलाच नव्हता. गारठून पडला असेल, डब्यात ऊब मिळून उठला असेल. आणि ज्याच्या हातात डबा होता त्यानं तो पुरायच्या ऐवजी वडशाच्या माणसाला विकला. उत्तर इतकं चोख बसत होतं की श्रावणला हायसं वाटलं. न खाणाऱ्या पाखराचा विचार त्यानं बाजूला सारला.

"पत्रू, डब्बा कुठी पुरला होता?"

"नाल्याजवळ, मोहाखाली. काऊन?"

"आत पाखरू होतं का?"

"नाई तं! तुमचा चहा होता," पत्रू हसला. मग त्यानं श्रावणचा चेहरा पाहिला आणि हातातला पोती ओढायचा आकडा खाली ठेवला. "काय म्हणून राह्यले तुम्ही?"

"वडशाले तेच पाखरू मिळालं मले. नखीसकट."

"मंग?"

"मंग तूच सांग."

पत्रूनं अंगावरचा मोहाचा चुरा झटकला. "इतके दिवस काटा धरला तुमचा. काट्यावर कधी बोट नाई ठेवलं. आज पाखरावरून चोर झालो का जी?"

"मी चोर नाई म्हटलं."

"तोंडानं नाई म्हटलं. चला नाल्यावर, उकरून दाखवतो. आत्ताच्या आत्ता."

श्रावण उठला नाही. उकरून डबा रिकामा निघाला तर पत्रू जाणार, भरलेला निघाला तर आपलं तोंड जाणार. शंकेचा माल उघडायचा नाही, तसाच परत पाठवायचा, ही त्याची जन्माची सवय. तो म्हणाला, "काही गरज नाई."

"गरज हाये," पत्रू म्हणाला. "तुमाले नसन, मले हाये." थोडा वेळ वाट पाहिली. मग काट्याची पाटी पंच्यानं पुसली, आकडा खिळ्याला अडकवला आणि टोल्याच्या, आपल्या वस्तीच्या वाटेला लागला. मागं वळून एवढंच म्हणाला, "डब्बा पाहा. पाहिला का या. मी घरीच हावो."

६

मोहाचा हंगाम लागला आणि श्रावणला आपला उजवा हात गेल्यासारखं झालं. दोन माणसं ठेवून पाहिली. एक वजन वाचताना आकडा गिळायचा, दुसरा माल उचलताना फोनवर बोलायचा. टक् टक् मात्र आतून रोज यायचं. श्रावणच्या तोंडावर "खरं सांगशील" यायचं आणि तिथंच अडायचं. हळदी रोडावली होती. मीराबाई आता पिंजऱ्याशी तासन् तास बोलत बसायची, आणि निळ्या तिचं ऐकत मान तिरकी करायचा.

रोज सकाळी श्रावण ठरवायचा, आज नाल्यावर जाऊ. रोज काही तरी काम निघायचं.

एका दुपारी बाजार सुनसान असताना कोणी तरी राळं मागितलं. श्रावण डब्यात वाकला.

"एकटेच का जी?"

"माणूस गेला माझा," श्रावण दाणे भरता भरता म्हणाला. "रुसून."

"कसा होता?"

"सरळ काटा धरणारा. अंगठा काळा, मन गोरं." स्वतःच्याच बोलण्यावर तो जरा हसला.

"तसाच पाहिजे?"

"तसाच. दुसरा नाई चालत."

बोलून झालं आणि हातातला पुडा गार लागायला लागला. श्रावणनं मान वर केली. दुकानापुढं कोणी नव्हतं. लांब रस्त्यावर एक सायकल जात होती. मागं कापडानं झाकलेले दोन पिंजरे. रस्ता खड्ड्यांचा, पण पिंजरे हलत नव्हते.

श्रावणनं भर दुपारी शटर ओढलं आणि खुरपं घेऊन मोटारसायकलवर नाला गाठला.

७

मोहाखाली गोटा होता. पाचोळा त्याला असा चिकटला होता की गोटा कोणी हलवलाच नव्हता हे दिसत होतं. डबा गंजलेला, पण झाकण घट्ट. श्रावणनं ते उघडलं. लुगड्याचा तुकडा. निळी पिसं. काडीएवढा डावा पाय, त्याची एक नखी नाही.

पहिल्यांदा त्याला आनंद झाला, खरं सांगतो. पत्रू खरा होता! पोतं फुटून दाणे सांडावेत तसं त्याचं मन मोकळं झालं. दुसरा विचार त्यामागून आला: मग घरात कोण आहे?

तो घरी गेलाच नाही. डबा तसाच पुरला, मोटारसायकल काढली आणि पत्रूच्या टोल्यावर पोहोचला. येताना वाक्यं जुळवत होता. "पत्रू, दोन शिव्या दे, पण चाल."

मोहाचे दिवस, प्रत्येक अंगणात फुलं वाळत घातलेली. पत्रूच्याच अंगणात फुलं नव्हती, माणसं भरलेली होती. मधे त्याची बायको भागीरथा भिंतीला टेकून बसली होती.

"आले का भाऊ?" ती म्हणाली. "तुमच्याकडंच माणूस धाडला होता निरोप घेऊन. वाटेत चुकामूक झाली."

"पत्रू कुठी हाये?"

"पहाटे मोह वेचाले गेलो होतो. काट्यावर असते तेव्हा कधी जंगलात नाई गेले ते. म्हणे, आता हेच काम." तिचा आवाज कोरडा होता, रडून संपलेला. "मी या झाडाखाली, ते पलीकडच्या. आवाज नाई, काही नाई. टोपली तेवढी लवंडली होती. वाघ दिसला पण नाई मले. माणसांनी शोधून आणलं तेव्हा... अंगठ्यावरून ओळखलं मी. त्या काळ्या नखावरून."

श्रावण खाली बसला. 

"चिरफाडीसाठी गडचिरोलीले नेलं हाये त्याईले," ती म्हणाली. "रोज म्हणत होते, श्रावणभाऊ डब्बा पाहतीन अन् येतीन. पाहिला का डब्बा?"

"पाहिला, भागीरथाबाई."

"होता ना आत?"

"होता."

तिनं मान हलवली. हे तिला माहीतच होतं.

८

श्रावण परतला तेव्हा उन्हं कलली होती. परसातून आत शिरला आणि मधल्या खोलीत आवाज झाला.

टक् टक्.

त्यानं पिंजऱ्याकडे पाहिलं. हळदी आज कोपऱ्यात नव्हती. ती झोपाळ्यावर होती, निळ्याला अंग चिकटवून. दोघांची तोंडं त्याच्याकडे. हळदीची वाटी सकाळी सपाट केली होती तशीच होती. कोंड्याचं एक साल नाही.

टक् टक्.

दोघांपैकी एकाचीही चोच हलली नव्हती. आवाज दुकानाकडून येत होता.

स्वयंपाकघरातून मीराबाई ट्रे घेऊन आली. तिचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुललेला होता. "कुठी होते जी इतका वेळ? पत्रूभाऊ केव्हाचे आलेत. तुम्ही नाई म्हणून त्याईनंच शटर उघडलं. मी म्हटलं होतं ना, राग किती दिवस राहीन?"

 पत्रू गेल्याचं तिला सांगावं असं श्रावणच्या तोंडापर्यंत आलं. पण त्याआधी त्यानं विचारलं, "चहा देल्ला?"

"देल्ला ना. तसाच ठेवून बसलेत."

दुकान आणि घर यांच्यामधे एक जुना पडदा आहे. श्रावणनं तो चार बोटं सारला. गल्ल्याच्या कडेला कप होता, वर जाड साय धरलेली. पुढं काटा. काट्याच्या पाटीवर एक हात. पडद्यामुळं मनगटाच्या वरचं काही दिसत नव्हतं, आणि पडदा आणखी सारायला श्रावणचा हात उठेना. अंगठ्याचं नख काळं होतं.

बोटाचं पेर उचललं गेलं. टक् टक्.

श्रावणच्या तोंडून शब्द निघाला नव्हता. ओठ हललेही नव्हते. तरी पडद्यापलीकडून उत्तर आलं, नेहमीच्या आवाजात, नेहमीच्या मायेनं:

"खरंच सांगतो जी."

मागं स्वयंपाकघरात मीराबाई गुणगुणत ताटं मांडत होती. श्रावणनं हातातला पडदा सोडला. मग दुकानात गेला आणि गादीच्या अगदी टोकाला, भिंतीला पाठ चिकटवून बसला.

पुढचं मला विचारू नका. दुकान सुरू आहे. काटा बरोबर आहे. मी स्वतः माल घालतो तिथं. दोघं शेजारी शेजारी बसलेले असतात, आत कुठं तरी दोन लव्हबर्ड गप्प असतात. मीराबाई दोन कप चहा आणून ठेवते. आधी त्यातला एक कप तसाच परत जायचा. हल्ली दोन्ही तसेच परत जातात.

एक विनंती तेवढी ऐका. तुमच्या घरात कोणाची रिकामी जागा भरून आली असेल, अगदी हवी तशी भरून आली असेल, तर आनंद माना, पण सकाळी वाटी-ताटावर एक फुंकर मारून पाहा. जितके खरंच जेवले, तितकेच मांडा. मायेपोटी एकही जास्त धरू नका. हिशोब खरा ठेवा. आणि सुरुवात तुमच्या पुढ्यातल्या कपापासून करा, मघाशी आला तेव्हापासून तुम्ही त्याला हातसुद्धा लावलेला नाही.